चुरचुरीची वेल आणि मेलेले सरकारी जंतू

प्रति,
मा. मुख्य परीक्षण अधिकारी,
औषधी वनस्पती परीक्षण कार्यालय (जंतू विभाग),
पहिला मजला, जिन्यापासून डावीकडे.

विषय : आपल्या कार्यालयाच्या मागील भिंतीवर असलेल्या 'चुरचुरी' नावाच्या वेलीच्या जंतुनाशक चाचणीच्या प्रकरणाबाबत.

संदर्भ : १) माझा मूळ अर्ज. २) आपले 'गुण आढळला नाही' हे पत्र. ३) आपले 'नमुना सापडत नाही' हे पत्र. ४) आपले 'जंतू मेले, खुलासा करा' हे पत्र. ५) आपले 'प्रकरण महिनाअखेर निकाली काढण्यात येईल' हे ताजे पत्र.

महोदय,

आपल्या ताज्या पत्राने आमच्या घरात जो गोंधळ उडाला तो भिंतीपलीकडून आपल्या खुर्चीपर्यंत ऐकू आला असेलच. तरी रीतसर कळावे म्हणून हा अर्ज. तो लांबला आहे, त्याला माझा इलाज नाही. माझ्या हाताखाली बसलेले गिऱ्हाईकसुद्धा गोष्ट संपल्याशिवाय उठत नसे, कारण वस्तरा माझ्या हातात असे. आपल्यापुढे वस्तरा नाही, फक्त विनंती आहे. एका वेलीचा जीव या कागदावर टांगलेला आहे, एवढे ध्यानात ठेवून शेवटपर्यंत वाचावे.

१. मी अर्जदार आपल्या मागच्या भिंतीला लागून राहतो. हयातभर केशकर्तनालय चालवले. हात थरथरायला लागल्यावर गिऱ्हाइकांनीच एकमताने मला निवृत्त केले. माझी थोरली बहीण माझ्याकडेच असते. तिला अख्खी गल्ली आक्का म्हणते, मीही म्हणतो. ती इस्पितळात ड्रेसर होती, म्हणजे लोकांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधण्यात तिचा जन्म गेला. ते जुने इस्पितळ पाडले तेव्हा आठवण म्हणून कुणी बाकडे उचलले, कुणी घंटा नेली. आक्काने आवारातल्या एका वेलीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि आपल्या भिंतीच्या बुडाशी खोचली. ती जागा तेव्हा आमच्या अंगणातली समजत होतो. पुढे मोजणीत ती आपल्या हद्दीत निघाली, वीतभर. त्या वीतभर जागेचा आम्ही कधी वाद घातला नाही, हे नमूद करतो.

तीच ही वेल. पान चुरगाळून रस जखमेवर पिळला की असे चुरचुरते की ज्याने जखम केली त्याला सोडून माणूस आक्काला शिव्या देतो. म्हणून नाव चुरचुरी. पण जखम चिघळत नाही. गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांचे गुडघे, बायकांची भाजलेली बोटे आणि माझ्या दुकानातले गाल त्या वेलीखाली, आक्काच्या खुर्चीसमोर, दाखवून झालेले आहेत.

२. मी आपल्या दारात स्वतःहून आलो नाही. आपल्याच बांधकाम विभागाचे साहेब एके दिवशी भिंत बघायला आले. भिंत झुकली आहे, पाडून नवी बांधायची, असे म्हणाले. मी त्यांना समजावले की साहेब, भिंत झुकलेली नाही, ती वेलीला टेकून बसलेली आहे, वेल काढलीत तर ती आपल्या अंगावर येईल. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "आजोबा, औषधी असेल तर दाखला आणा. आम्ही तेवढी जागा सोडून भिंत वळवून घेतो. दाखला नसेल तर ते रान आहे, कापून टाकणार." आता, औषधी असल्याचा दाखला देणारे कार्यालय त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला. जरा मोठ्याने हाक मारली तर आपला शिपाई ओ देतो. मला वाटले, किती सोपे काम! हेच वाटणे मला भोवले.

३. मूळ अर्जाच्या नमुन्यात 'पारंपरिक उपयोगाचा पुरावा' असा एक रकाना आहे. तो बोटभर आहे. आमच्याकडे पुरावा ढीगभर. म्हणून जादा कागद जोडले. त्यात मी लिहिले होते की एक पहिलवान दाढीला बसला असता मी गोष्टीच्या ऐन रंगात आलो आणि वस्तरा गालावर जरा घरंगळला. आक्काने पान पिळले. जखम इतक्या तातडीने मिटली की मिटताना मिशीचे टोक आत धरून बसली आणि तो पहिलवान पुढे कायम एका बाजूने हसतच राहिला. कुस्ती हरला तरी लोकांना वाटे, केवढा दिलदार गडी! आणखी लिहिले होते की शेजारच्या सूनबाईंची स्वयंपाकघराची खिडकी वेलीकडे उघडते, आणि त्या लग्न होऊन आल्यापासून त्यांचे दही म्हणून लागले नाही. सासूने विरजण बदलले, भांडे बदलले, दूधवाला बदलला. आता सूनच बदलायची, इथवर गोष्ट आली, तेव्हा आक्काने खिडकी लावून दही लावायला सांगितले. सकाळी सुरीने कापावे असे दही. तेव्हापासून ती सून आक्काला आईच्या जागी मानते, आणि सासू येता-जाता खिडकी उघडून ठेवते.

आपल्या आवक-जावक लिपिकांनी हा पुरावा खुर्चीत रेलून मोठ्याने वाचला. सगळा विभाग जमला. "आजोबा, हा अर्ज आहे की कादंबरी?" असे ते म्हणाले आणि आपण त्यावर शेरा मारला : 'पुरावा ऐकीव व अतिरंजित.' ऐकीव या शब्दाला माझी हरकत आहे. पहिलवानाच्या गालावर वस्तरा माझा होता.

४. तरीही आपण नमुना मागवलात, याबद्दल तेव्हा मी उपकृत झालो होतो. गोणीभर पाला लागेल, असे पत्रात होते. भिंतीची एक संपूर्ण बाजू उघडी पडली, पण दिला. नियमाप्रमाणे आपण तो तापलेल्या भट्टीत वाळवला, दळला आणि त्याची मूठभर पूड केलीत. ज्या दिवशी भट्टी लागली त्या दिवशी वेलीचा वास जिन्यावरून, कचेरीतून, स्वच्छतागृहातून फिरत गल्लीपर्यंत आला. आपल्या कँटीनमधल्या पावाला आठवडाभर बुरशी शिवली नाही. लेखा विभागातल्या एका साहेबांचा जुना खोकला गेला, तो जाताना त्यांची हक्काची आजारी रजा घेऊन गेला. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आणि मग त्या पुडीची चाचणी झाली. जंतू वाढवलेल्या ताटलीत पुडीच्या अर्कात भिजवलेली टिकलीएवढी कागदाची चकती ठेवायची. तिच्याभोवती जंतू मेले तर स्वच्छ वर्तुळ पडते, ते फूटपट्टीने मोजायचे. वर्तुळ पडले नाही. 'गुण आढळला नाही,' असे आपले पत्र आले. साहेब, गुण आढळणार कुठून? तो तर कँटीनमध्ये पाव राखत बसला होता! गाणाऱ्याला खोलीबाहेर काढायचे, त्याचा कोट खुंटीला टांगायचा आणि कोट गात नाही म्हणून तक्रार करायची, असा हा प्रकार झाला. हे मी आपल्याला समक्ष भेटून सांगितले. आपण म्हणालात, लेखी द्या.

५. लेखी दिले. वाळवू नये, ताजा पाला घ्यावा, अशी विनंती केली आणि वेळ वाचावा म्हणून विनंतीसोबतच ताजा पाला जोडला. इथे काय झाले ते आपल्याला ठाऊक नसावे, म्हणून लिहितो. आपल्या लिपिकांच्या कामाची एक पद्धत आहे. अर्जासोबत जे येते ते जोडपत्र. मग तो कागद असो, फोटो असो की आणखी काही. त्यांनी प्रत्येक डहाळीवर 'आवक' असा निळा शिक्का मारला, कोपऱ्यात क्रमांक टाकला, पंचिंगने दोन भोके पाडली, मधून नाडी ओवली आणि फाईल बांधून कपाटात ठेवली. त्यात त्यांचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही. इतक्या नेटकेपणाने बांधलेला पाला मी जन्मात पाहिला नव्हता. पण प्रयोगशाळा नमुन्याची वाट बघत राहिली, भांडार विभागाने 'नमुना प्राप्त नाही' असे कळवले आणि मला आपले तिसरे संदर्भपत्र आले : 'नमुना सापडत नाही, फेर नमुना सादर करावा.' पाला आपल्याच कपाटात बसून सगळे ऐकत होता. त्या कपाटातली वाळवी मात्र दोन दिवसांत आस्थापना विभागात बदली घेऊन गेली, असे ऐकतो. तिचा अर्ज बरा मंजूर झाला!

फेर नमुन्यासाठी मी भिंतीची दुसरी बाजू उतरवली, तेव्हापासून आक्काने माझ्याशी बोलणे टाकले. ती वेलीशी बोलते. मी समोर बसलेला असताना वेलीला सांगते, "याला म्हणावं, चहा गार होतोय." मीही वेलीलाच सांगतो की घेतो. घरात माणसे दोन आणि निरोप्याचे काम वेलीकडे, अशी आमची अवस्था आपल्या पत्रव्यवहाराने करून ठेवली आहे.

६. तिसऱ्या खेपेला मी पाला टेबलावर ठेवला नाही. आपल्या चष्मेवाल्या परीक्षिका बाई जिन्यातून उतरत होत्या, त्यांच्या ओंजळीत नेऊन घातला. बाई गुणी आहेत. त्यांनी न वाळवता, न उकळता, ताजा रस काढला, चकत्या भिजवल्या आणि ताटल्या उबेच्या कपाटात ठेवल्या. एक ताटली मुद्दाम तशीच ठेवायची असते, तीत औषधाचा थेंबही घालत नाहीत. तिला त्या साक्षीदार ताटली म्हणतात. तिच्यात जंतू जोमाने वाढले की समजायचे, जंतू धडधाकट होते, मेले ते औषधानेच मेले. कपाटात दुसऱ्यांच्याही ताटल्या होत्या, त्यात एका दंतमंजनवाल्याच्या.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडले तर सगळ्या ताटल्या लख्ख. अशा ताटल्या आक्कानेसुद्धा कधी घासल्या नसतील. वेलीच्या ताटलीतले जंतू मेले, शेजारच्या ताटलीतले मेले, वरच्या फळीवरचे मेले, आणि ज्यांना कुणी बोट लावले नव्हते ते साक्षीदार ताटलीतलेही मेले. मला वाटले, आता आपण मला हार घालाल. आपण जे पत्र घातलेत त्यातली ओळ मी जशीच्या तशी उतरवतो : 'साक्षीदार ताटलीतील जंतूही मृत आढळल्याने सदर नमुना जंतू मारतो किंवा कसे हे सांगता येत नाही. सबब चाचणी बाद.'

महोदय, ही ओळ मी चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून वाचली, मग माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही म्हणून शेजारच्या सूनबाईंकडून वाचून घेतली. एका माणसाला साप चावला, तो मेला. त्या सापाचा नुसता फूत्कार ऐकून शेजारचाही मेला. आणि पंचनाम्यात लिहायचे की शेजाऱ्याला चावला नसतानाही तो मेला, सबब साप विषारी आहे किंवा कसे सांगता येत नाही! आयुष्यभर खुर्चीमागे उभा राहून मी अनेक गोष्टी रचून सांगितल्या असे लोक म्हणतात. पण ही माझ्या बापालाही सुचली नसती. दंतमंजनवाल्याची साक्षीदार ताटली योगायोगाने दुसऱ्या कपाटात होती, तिच्यात जंतू सुखरूप वाढले. त्यामुळे त्याला 'उत्तम गुण' असा दाखला मिळाला. त्याने तो डबीवर छापला. जीव काढला आमच्या वेलीने आणि नाव झाले त्याच्या मंजनाचे.

७. त्याच पत्राच्या शेवटी आपण मला खुलासा विचारला होता की माझ्या नमुन्यामुळे कार्यालयाचे जतन करून ठेवलेले जंतू नष्ट झाले असून तत्सम जंतू मी उपलब्ध करून द्यावेत. म्हणजे वेल जंतू मारते की नाही हे सांगता येत नाही, परंतु वेलीने मारलेले जंतू मात्र मी भरून द्यायचे! तरी मी प्रयत्न केला. गल्लीत विचारून पाहिले. शेजारच्या सासूबाईंनी डबीत खोकून देण्याची तयारी दाखवली, त्यांच्या मनात तशी मायाही आहे. पण आपले लिपिक म्हणाले, "असले घरगुती जंतू नकोत आजोबा, नोंदणीकृत लागतात." नोंदणीकृत जंतू कुठे मिळतात याची मला माहिती नाही. खुलासा एवढाच की मेल्याबद्दल मला वाईट वाटते, पण त्यांना जगवण्यासाठी आपण नेमलेले होता, मी नव्हे.

८. पुढची हकिगत परीक्षिका बाईंची आहे. त्यांची नोकरी माझ्या अर्जाने अडचणीत येऊ नये, म्हणून अगोदरच सांगतो की त्या जेवणाच्या सुट्टीत आल्या होत्या आणि डबा खाऊनच गेल्या. येताना डब्यासोबत त्यांनी दोन झाकलेल्या ताटल्या आणल्या. एक वेलीखाली कोनाड्यात ठेवली, झाकणाच्या आत एक चुरगाळलेले पान चिकटवून, ते जंतूंना कुठेही टेकणार नाही असे. दुसरी माझ्या बंद दुकानात, दूर. आक्काने त्यांना हात धुवायला लावले, मग पुन्हा धुवायला लावले आणि म्हणाली, "पोरी, ते झाकण माझ्या ओट्यावर ठेवलंस तर बघ." बाई हसल्या. मला तेव्हा हसायलाही बंदी होती.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला बाई आल्या. दुकानातल्या ताटलीवर सायीसारखा जाड थर. कोनाड्यातली ताटली आरशासारखी. बाई जमिनीवरच बसल्या आणि ओरडल्या, "आजोबा, ही शिवतसुद्धा नाही हो! नुसत्या वासानं मारते! म्हणून तर आमची साक्षीदार गेली, म्हणून तर भट्टीत सगळा गुण उडाला!" मी वेलीकडे वळून म्हणालो की आक्काला सांग, पास झालीस. आक्का वेलीला म्हणाली, "याला सांग, अजून उड्या मारू नको."

तिचे बरोबर निघाले. बाईंनी हे सगळे टिपण करून आपल्यापुढे ठेवले. आपला शेरा त्यांनी मला दाखवला नाही, पण लिपिकांनी दाखवला : 'परीक्षण कार्यालयाबाहेर झालेले आहे. पानाचा स्पर्श न होता परीक्षण करण्याची पद्धत नियमपुस्तकात नाही. फेर नमुना मागवावा.'

९. फेर नमुना कुठून आणू, हे आता आपणच सांगावे. आपल्याला खिडकीतून दिसत नसेल, कारण आपल्या खिडकीला पडदा आहे, म्हणून माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. आपण प्रकरण सुरू केलेत तेव्हा त्या भिंतीवर तेल पचलेले भरगच्च डोके होते. आता कानामागे चार केस उरले आहेत. एक खोड, त्याला एक फांदी, फांदीला थोडी पाने. गेल्या आठवड्यात एक पोरगी सायकलवरून पडली, तर आक्काने तिला पान न पिळता साबणाने धुऊन दवाखान्यात पाठवले. पोरीला वाईट वाटले नाही, तिचे चुरचुरणे वाचले. आक्का मात्र दिवसभर जेवली नाही. वेल दुसरीकडे लावून पाहिली म्हणाल, तर कुंडीत लावली, डब्यात लावली, सूनबाईंच्या परसात लावली. ती भिंतीच्या दिशेने मान वळवते आणि त्याच पवित्र्यात वाळते. हट्टाच्या बाबतीत तिचे आणि आक्काचे एकच खानदान आहे.

१०. अशा स्थितीत आपले ताजे पत्र आले. वरून मोहीम निघाली आहे, जुनी प्रलंबित प्रकरणे महिनाअखेर निकाली निघाली पाहिजेत, आमचे प्रकरण त्यात आहे. इतके दिवस मी आपल्या दाराशी 'निकाल द्या, निकाल द्या' म्हणून घसा कोरडा केला, त्यामुळे पत्र वाचून मी आनंदाने उभा राहिलो आणि दुसरा परिच्छेद वाचून खाली बसलो. त्यात लिहिले आहे की गुण नसल्याचा निकाल झाल्यास वेल निरुपयोगी समजून भिंतीसोबत काढून टाकण्यात येईल. आणि गुण असल्याचा निकाल झाल्यास ती मुळासकट उपटून, वाळवून, दाबून, काचेच्या कपाटात कायमच्या संग्रहात ठेवण्यात येईल.

मी हे पत्र घेऊन आपल्याकडे धावत आलो. आपण बैठकीत होता. मी लिपिकांच्या टेबलाला धरून विचारले की अहो, नापास झाली तर कापणार, पास झाली तर उपटणार, मग तिने करायचे तरी काय? भिंत वळवून घेऊ असे साहेब म्हणाले होते त्याचे काय झाले? लिपिक म्हणाले, त्या साहेबांची बदली झाली, भिंत वळवण्याची तरतूद नव्या आराखड्यात नाही. मी रडकुंडीला आलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्या वेलीला वाचवायला निघालो तिला मीच गोणीगोणीने आपल्या दारात आणून टाकले होते आणि आता उरलेली न्यायला माणसे येणार होती. मला पाणी देत लिपिक सहज म्हणाले, "इतके दिवस कुणी हात लावला का तिला? नाही ना? प्रकरण प्रलंबित होतं ना, आजोबा. प्रलंबित असलं की बांधकामवाल्यांच्या बापाची हिंमत नाही. भिंत पडली तरी पडलेली भिंत तशीच ठेवतात."

महोदय, मी पाणी तसेच ठेवून घरी गेलो आणि थेट आक्काला सांगितले, वेलीला मध्ये न घेता. तिने हातातले काम बाजूला ठेवले. मग माझ्याशी, माझ्याशीच, बोलली : "मेल्या, हे आधी सुचलं असतं तर पानं तरी वाचली असती." आणि मला टेबल पुसून दिले, हा अर्ज लिहायला.

११. तरी मेहेरबान महोदयांस विनंती की, माझ्या प्रकरणावर आपण कोणताही निकाल देऊ नये. चाचणी यशस्वी ठरवू नये, अयशस्वीही ठरवू नये. आपल्या कार्यालयाने आजवर जी गती राखली ती माझ्यासाठी आणखी कमी करावी. प्रकरण निकाली काढण्याचा फारच तगादा आला, तर मला त्रुटी कळवावी, एका वेळी एकच. वेल मूळ कुठली, त्या ठिकाणचा दाखला मागावा. ते इस्पितळच आता जागेवर नाही, तेव्हा तो दाखला मिळवण्यात माझी पुढची वर्षे मजेत जातील. तो मिळालाच तर त्याची साक्षांकित प्रत मागावी. माझ्या पश्चात आक्काशी पत्रव्यवहार चालू ठेवावा. ती माझ्याहून मोठी आहे, पण आपल्या खात्याशी झुंजायचे म्हटल्यापासून तिला जेवण जाऊ लागले आहे. ती उत्तर द्यायला वेळ लावील आणि देईल तेव्हा आपल्याला ते कळायला वेळ लागेल. आपली बदली झाली तर नव्या साहेबांनी प्रकरण पहिल्या पत्रापासून समजून घ्यावे, असा शेरा कृपया मारून जावा. आणि परीक्षिका बाईंना डबा खायला येऊ द्यावे. त्या स्पर्शाशिवाय परीक्षण करण्याची पद्धत नियमपुस्तकात घालून घेण्यासाठी अर्ज करणार आहेत. तोही अर्ज आपल्याकडेच येईल. त्यालाही हाच न्याय लावावा. तोपर्यंत फांदीला पाने येतील, पानांना फांद्या येतील, आणि ज्या दिवशी भिंत पुन्हा भरलेली दिसेल त्या दिवशी आपण पडदा बाजूला करून जरूर बघावे, पण लेखी काही काढू नये.

एका म्हाताऱ्याने साहेबांकडे मागावे असे हे मागणे नाही, हे मला कळते. लोक काम व्हावे म्हणून हात जोडतात. मी होऊ नये म्हणून जोडतो.

आपल्या भिंतीपलीकडचा, आपल्या सवडीवर विसंबलेला शेजारी,

(सहीची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. त्रुटी म्हणून अर्ज परत पाठवावा, मी सावकाश सही करीन.)

दिनांक : (हाही राहिला आहे.)

सोबत : वरील संदर्भांतील सर्व पत्रांच्या प्रती. त्यांत एक कमी आहे. कोणती, ते आपण शोधून कळवावे. घाई नाही.